जालन्याची हवा कोण मोजतं, आणि कधी मोजतं?

१ मे १९८१ ला जालना जिल्हा झाला. औरंगाबादचे चार तालुके आणि परभणीचा परतूर, असा पाच तालुक्यांचा संसार. त्यानंतर पंधराच दिवसांनी, १६ मे १९८१ ला, देशात हवा प्रदूषण प्रतिबंध व नियंत्रण कायदा लागू झाला. म्हणजे आपला जिल्हा आणि हवेचा कायदा एकाच महिन्यातली भावंडं. जिल्ह्याचा वाढदिवस आपण दरवर्षी महाराष्ट्र दिनासोबत साजरा करतो. कायद्याचा कुणाच्या लक्षात पण नसतो.

हे आज लिहायचं कारण म्हणजे शहराच्या हवेचा आकडा आता मोबाइलवर दिसतो. सकाळी कुणीतरी ग्रुपवर टाकतं, "आज १४०." दुसरा म्हणतो, "काही नाही, मशीन बोगस आहे." तिसरा म्हणतो, "दिल्लीत तर चारशे असतो." संपला विषय. पण हा आकडा कुठून आला, त्याच्या आधी काय होतं आणि त्यातून काय दिसत नाही, हे कुणी सांगत नाही. पोस्ट मोठी आहे, सवडीने वाचा.

सुरुवात मुंबईपासून करावी लागेल, कारण महाराष्ट्रात हवेची तक्रार सरकारदरबारी पहिल्यांदा गेली ती गिरण्यांच्या धुरामुळे. १८५० च्या दशकात मुंबईत कापड गिरण्या सुरू झाल्या आणि पन्नास वर्षांत शहराच्या डोक्यावर चिमण्यांचं रान उभं राहिलं. १९१२ मध्ये बॉम्बे स्मोक न्यूसन्सेस अ‍ॅक्ट आला. नाव बघा, 'न्यूसन्स', म्हणजे उपद्रव. धुराने माणूस आजारी पडतो यापेक्षा तो त्रास देतो, कपडे-भिंती काळ्या करतो, ही त्यामागची समज. त्या काळी जगभर धूर मोजायचा तो डोळ्यांनी. रिंगेलमान नावाच्या फ्रेंच प्राध्यापकाने पांढऱ्यापासून काळ्यापर्यंतच्या छटांचा एक तक्ता बनवला होता. तो समोर धरायचा, चिमणीकडे बघायचं आणि धूर कोणत्या छटेचा आहे ते ठरवायचं.

या पद्धतीत एक गोम होती. अंधारात काळा धूर दिसत नाही. म्हणजे रात्रीचा धूर हिशेबातच नाही. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे जालन्यात आपल्याला ती परत भेटणार आहे.

डिसेंबर १९५२ मध्ये लंडनवर पाच दिवस धुरकं बसलं. सुरुवातीच्या अंदाजाने चार हजार माणसं गेली, नंतरच्या अभ्यासांनी तो आकडा बारा हजारांपर्यंत नेला. तिथून जग हवा गांभीर्याने मोजायला लागलं.

आपल्याकडे १९५८ मध्ये नागपूरला सार्वजनिक आरोग्य अभियांत्रिकीची केंद्रीय संशोधन संस्था सुरू झाली. १९७४ मध्ये तिचं नाव बदलून 'नीरी' झालं. महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळ ७ सप्टेंबर १९७० ला स्थापन झालं, केंद्राचा पाण्याचा कायदा येण्याच्याही चार वर्षं आधी. पण त्याचा जन्म पाण्यासाठी झाला होता. हवा त्याच्या अंगावर नंतर पडली.

१९७८ मध्ये नीरीने देशातल्या दहा शहरांत हवा मोजायचं जाळं उभं केलं. त्यात महाराष्ट्रातली दोन शहरं होती, मुंबई आणि नागपूर. १९८४ मध्ये केंद्रीय मंडळाने राष्ट्रीय कार्यक्रम सुरू केला तो फक्त सात केंद्रांनी, आग्रा आणि अनपरा इथे. एकीकडे ताजमहाल, दुसरीकडे औष्णिक वीज. त्याच वर्षी डिसेंबरात भोपाळ झालं. १९८६ मध्ये पर्यावरण संरक्षण कायदा आला.

आता या सगळ्यात जालना कुठे होतं? कुठेच नाही. आणि तेव्हा कुणाला ते खटकलंही नसेल.

जालना हे व्यापाराचं गाव. 'जालना सोने का पालना' ही म्हण आपण लहानपणापासून ऐकतो. कुंडलिकेच्या अलीकडे-पलीकडे दोन गावं, जुना जालना आणि नवीन जालना. नवीन जालन्याचं जुनं नाव कादराबाद. १९०० साली हैदराबाद-गोदावरी व्हॅली रेल्वे आली आणि इथला कापूस बाहेर जायला लागला. १९६४ मध्ये बद्रीनारायण बारवाले यांनी महिको काढली आणि जालना बियाण्यांची राजधानी झालं. तोपर्यंत गावात धूळ होती, चुलींचा धूर होता, जिनिंगची कापसाची रुई होती. मराठवाड्यातल्या कुठल्याही गावात असते तशी हवा.

मग लोखंड आलं. मागास भागातल्या उद्योगांना सवलती, एमआयडीसीची जमीन, भंगाराचा व्यापार माहीत असलेले लोक आणि देशभर वाढलेली बांधकामं. या सगळ्याचं गणित जमलं आणि गेल्या तीन-चार दशकांत जालना सळईचं गाव झालं. आज राज्यात कुठेही स्लॅब पडत असेल तर त्यात जालन्याची सळई असण्याची शक्यता बरीच आहे. हजारो घरं त्यावर चालतात. बिहार, उत्तर प्रदेशातून आलेली पोरं भट्टीवर काम करतात. हे सगळं मान्य करूनच पुढचं लिहितोय. कारखाने बंद करा असं म्हणणाऱ्यांतला मी नाही.

पण भट्टी कशी चालते हे समजून घेतल्याशिवाय हवा कशी मोजायची हे कळत नाही. इंडक्शन भट्टीत कोळसा नसतो. तांब्याच्या वेटोळ्यातून वीज सोडतात, चुंबकीय क्षेत्र तयार होतं आणि आतलं लोखंड स्वतःच तापून सुमारे १६०० अंशांवर वितळतं. म्हणून काही लोक म्हणतात, "वीज वापरतो, धूर कुठला?" धूर भंगारातून येतो. भंगाराला रंग असतो, तेल असतं, गंज असतो, प्लास्टिक चिकटलेलं असतं. ते वितळलेल्या लोखंडात टाकलं की भपकन धूर उठतो. तो ओढून घ्यायला वर हूड असतं आणि पुढे पिशव्यांचे फिल्टर असतात. हूड जागेवर असेल आणि पंखा चालू असेल तर बराचसा धूर पकडला जातो. पण भंगार टाकताना हूड बाजूला सरकवलं, तर तो धूर चिमणीत जातच नाही. शेडच्या पत्र्यांखालून बाहेर पडतो. याशिवाय रोलिंग मिलच्या तापवायच्या भट्ट्या, मळीचे ढीग, आणि भंगार आणणाऱ्या व सळई नेणाऱ्या ट्रकांनी उडवलेली रस्त्याची धूळ.

म्हणजे चिमणीवर कितीही चांगलं यंत्र बसवलं तरी चिमणीतून न गेलेला धूर त्याला दिसणार नाही. तो फक्त बाहेरची, आपण श्वासात घेतो ती हवा मोजली तरच सापडतो. म्हणून चिमणीचं मोजमाप वेगळं आणि परिसरातल्या हवेचं वेगळं. एक असलं म्हणून दुसऱ्याची गरज संपत नाही.

मी नवीन जालन्यात राहतो. गच्चीवर वाळत घातलेल्या पांढऱ्या कपड्यांवर काळी भुकटी येते, हे इथे कुणाला सांगायची गरज नाही. आमच्याकडे एक प्रयोग फार लोकप्रिय आहे. गच्चीवरची धूळ गोळा करायची, चुंबक फिरवायचा आणि चिकटलेले कण दाखवून म्हणायचं, "बघा, हे स्टीलचं." मीही केलाय. कण चिकटतात. पण आपली जमीन काळ्या बेसॉल्ट खडकाची आहे आणि त्या खडकातच मॅग्नेटाइट असतं. कारखाना नसलेल्या खेड्यातल्या नाल्याच्या वाळूतही चुंबकाला काळे कण चिकटतात. म्हणजे हा प्रयोग काहीच सिद्ध करत नाही. कपडा काळा झाला हे खरं. कुणामुळे किती, हे चुंबक सांगू शकत नाही. त्यासाठी नीट मोजावंच लागतं.

जालन्यात नीट मोजायला सुरुवात झाली ती राष्ट्रीय कार्यक्रमातल्या हाताने चालवायच्या यंत्रांनी. एक केंद्र बचत भवनात, दुसरं औद्योगिक भागात. पद्धत अशी. फिल्टर पेपर कोरडा करून वजन करायचा. यंत्रात लावायचा. पंप ठरावीक वेगाने हवा ओढतो. कागद दर आठ तासांनी बदलायचा, असं चोवीस तास. मग पुन्हा वजन करायचं. वाढलेल्या वजनाला ओढलेल्या हवेच्या घनफळाने भागायचं. वायूंसाठी द्रावणाच्या नळ्या, त्या दर चार तासांनी बदलायच्या. आठवड्यातून दोन दिवस, म्हणजे वर्षातून १०४ दिवस.

उरलेले २६१ दिवस? ते मोजलेच जात नाहीत.

यावर लगेच "बघा, फसवाफसवी" म्हणू नका. शितावरून भाताची परीक्षा होते. वर्षाची सरासरी काढायची असेल तर नीट विखुरलेले १०४ दिवस पुरतात, हे संख्याशास्त्रही सांगतं. आणि या कागदांनीच जालन्याची गोष्ट दिल्लीपर्यंत नेली. २००९ च्या राष्ट्रीय मानकांनुसार १० मायक्रॉनपेक्षा बारीक धूळ वर्षाच्या सरासरीत घनमीटरला ६० मायक्रोग्रॅमच्या आत पाहिजे आणि चोवीस तासांच्या सरासरीत १०० च्या आत. जी शहरं सलग पाच वर्षं मानकात बसली नाहीत त्यांची यादी केली गेली. १० जानेवारी २०१९ ला राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रम जाहीर झाला तेव्हा मुंबई, पुणे, नागपूर, चंद्रपूर यांच्यासोबत त्या यादीत मराठवाड्यातली तीन शहरं होती. औरंगाबाद, लातूर आणि जालना. २०११ च्या जनगणनेत पावणेतीन लाखांच्या आसपास ते तीन लाखांच्या मधली वस्ती असलेलं आपलं गाव, आणि पंगत महानगरांची.

पण शितावरून भात शिजला की नाही ते कळतं. तळाला करपला का, ते कळत नाही. त्यासाठी तळापर्यंत पळी घालावी लागते. सतत मोजणारं यंत्र म्हणजे ती पळी.

हे यंत्र कसं चालतं? आत कागदाची फीत असते. दर तासाला फितीचा नवा तुकडा पुढे सरकतो आणि त्यावर हवेतली धूळ बसते. एका बाजूने बीटा किरण सोडतात. धूळ जितकी जास्त तितके पलीकडे कमी किरण पोचतात. त्यावरून धुळीचं प्रमाण कळतं. सल्फर डायऑक्साइड, नायट्रोजनचे ऑक्साइड, कार्बन मोनॉक्साइड, ओझोन यांच्यासाठी वेगळी यंत्रं, सगळी एका वातानुकूलित खोलीत. सोबत वाऱ्याचा वेग आणि दिशा. आकडे थेट केंद्रीय मंडळाच्या सर्व्हरवर. माणसाने कागद काढायचा नाही, वजन करायचं नाही, सुट्टीच्या दिवशी बंद नाही.

आणि रात्री बंद नाही.

इथे ती १९१२ ची गोष्ट परत येते. इंडक्शन भट्टीचा सगळ्यात मोठा खर्च विजेचा. महाराष्ट्रात उद्योगांच्या वीजदरात अनेक वर्षं रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत सवलत होती. साहजिकच भट्ट्या रात्री जोरात. यात गैर काही नाही, दर ठरवणाऱ्यांनाच मागणी रात्रीकडे वळवायची होती. पण हवेचं गणित उलटं आहे. हिवाळ्यात रात्री जमीन लवकर थंड होते, जमिनीलगतची हवा गार आणि वरची उबदार राहते, आणि वर जाणाऱ्या धुराला झाकण बसतं. दुपारी जो धूर वर निघून गेला असता तोच पहाटे घरांच्या उंचीला रेंगाळतो. वीज स्वस्त असायची तेव्हाच हवा सगळ्यात जास्त कोंडलेली. हे कुणी मुद्दाम केलेलं नाही. वीजदर एका कार्यालयात ठरतात, हवेची मानकं दुसऱ्या. या दोघांची गाठ पडते ती चंदनझिऱ्यात किंवा नागेवाडीत झोपलेल्या लेकराच्या छातीत.

आता मोबाइलवरच्या आकड्याकडे या. हवा गुणवत्ता निर्देशांक देशात एप्रिल २०१५ पासून आहे. ५० पर्यंत चांगला, १०० पर्यंत समाधानकारक, २०० पर्यंत मध्यम, ३०० पर्यंत वाईट, ४०० पर्यंत अतिवाईट, त्यापुढे गंभीर. धुळीसाठी तो मागच्या चोवीस तासांच्या सरासरीवर काढतात. म्हणजे पहाटे चार वाजता हवा कितीही बिघडली आणि दुपारी वारा सुटून मोकळी झाली, तर दोन्हींची सरासरी 'मध्यम' येते. आणि कायद्यातही धुळीला तासाचं मानकच नाही. चोवीस तासांचं आहे आणि वर्षाचं आहे. यंत्र दर तासाला सांगतंय, पण कायदा दिवसभराची बेरीज झाल्यावरच ऐकतो.

मला या सगळ्या इतिहासातून एकच गोष्ट दिसते. जे मोजलं गेलं त्यावरच हालचाल झाली, आणि जे मोजमापाच्या वेळेबाहेर राहिलं ते सरकारी कागदावर घडलंच नाही.

उदाहरणं देतो. २००९ मध्ये केंद्रीय मंडळाने देशातल्या औद्योगिक पट्ट्यांना प्रदूषणाचे गुण दिले. चंद्रपूरला ८३.८८ मिळाले, देशात चौथा क्रमांक. जानेवारी २०१० मध्ये अशा ४३ पट्ट्यांत नवीन उद्योग आणि विस्ताराला स्थगिती आली. चंद्रपूरकर त्याआधी वर्षानुवर्षं राखेची तक्रार करतच होते. दखल घेतली ती आकड्याची. दुसरं, ऑक्टोबर २०२३. मुंबईचे आकडे रोज टीव्हीवर येत होते. उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली, महापालिकेने बांधकामांना पत्रे लावायला, पाणी मारायला सांगितलं. मुंबईत मोजणारी केंद्रं डझनावारी आहेत म्हणून हे झालं. आपल्याकडे आकडाच नसता तर न्यायालयाने दखल कशाची घेतली असती?

उलट बाजूही आहे. जून २०१७ मध्ये राज्याच्या मंडळाने कारखान्यांना चिमणीच्या मोजमापावरून एक ते पाच तारे देण्याची योजना सुरू केली. जो उद्योजक पैसे घालून फिल्टर नीट चालवतो त्याला हे सोयीचंच आहे. मोजमाप नसेल तर नीट चालवणारा आणि पंखा बंद ठेवणारा दोघेही लोकांच्या तोंडी सारखेच बदनाम. खरं तर चांगल्या कारखानदारांनीच जास्त यंत्रं मागायला पाहिजेत.

म्हणून माझं म्हणणं थोडक्यात असं आहे:

१. रोजच्या एका आकड्यावर थांबू नका. तासातासाचे आकडे बघा. रात्री १० ते सकाळी ८ आणि दुपारी १२ ते ४ यांची तुलना करा. आणि ती एका दिवसाची नको, महिनाभराची करा.

२. वाऱ्याची दिशा सोबत बघा. औद्योगिक वसाहत औरंगाबाद रोडला, शहराच्या पश्चिम अंगाला. उन्हाळ्यात आपल्याकडे पश्चिमेचं वारं असतं, हिवाळ्यात पूर्व-ईशान्येचं. वारं तिकडून आलं की आकडा वाढतो का? वाढला तर एक गोष्ट कळते, नाही वाढला तर दुसरी. कदाचित अंबड चौफुलीवरचे ट्रक आणि रस्त्याची धूळच जास्त निघेल. जे निघेल ते निघू दे.

३. शहर दोन तीरांवर आहे, हवा एका ठिकाणी मोजून भागणार नाही. एक सतत मोजणारं यंत्र वसाहतीला लागून असलेल्या वस्तीत पाहिजे आणि एक ट्रकांच्या चौफुलीवर. जागा वाऱ्याचा अभ्यास करून ठरवा, सरकारी इमारतीची गच्ची रिकामी आहे म्हणून नको.

४. यंत्र बंद पडलं तर का आणि किती वेळ, हे जाहीर करा. चोवीसपैकी सोळा तासांचे आकडे असले तरी निर्देशांक निघतो. मग उरलेले आठ तास कोणते, हे विचारायचा हक्क आपल्याला आहे.

५. आकडे मराठीत, मोठ्या फलकावर, मामा चौकात आणि बसस्टँडवर लावा. आता २०२३ पासून आपण महानगरपालिका आहोत. इतकं तरी जमायला हवं.

काही जण म्हणतील, पाण्याचे हाल असताना हवेचं काय घेऊन बसलात. मला वाटतं पाण्याचं उदाहरणच आपल्या बाजूने आहे. २०१२-१३ च्या दुष्काळात जालन्याने काय भोगलं ते सगळ्यांना आठवतंय. तेव्हा घाणेवाडीत किती पाणी आहे, टँकर कितीला पडतो, नळ किती दिवसांनी येणार, हे पानटपरीवरचा माणूससुद्धा सांगायचा. आकडा तोंडपाठ होता म्हणून राग होता, आणि राग होता म्हणून लोक घाणेवाडीचा गाळ काढायला उतरले. सरकारची वाट बघत बसले नाहीत. हवेचा आकडा अजून आपल्या तोंडी बसलेला नाही, म्हणून रागही गच्चीवरच्या चुंबकापुरता राहतो.

पाणी नसलं तर विकत घेता येतं. टँकर येतो, जार येतो. हवेचा टँकर कुणी पाठवत नाही. ती मात्र शेटजीला, भट्टीवरच्या पोराला आणि शाळेत चाललेल्या लेकराला एकाच पिंपातून मिळते.

आज रात्री झोपण्याआधी एकदा तासाचा आकडा बघा, आणि पहाटे जाग आली तर पुन्हा. दोन्ही लिहून ठेवा. महिनाभराने आपल्याकडे तीस रात्रींचा हिशेब असेल. तो घेऊन मंडळाच्या कार्यालयात गेलं की "मशीन बोगस आहे" हे उत्तर देणं त्यांनाही अवघड जाईल.